पिकअपच्या पोटातलं ट्रॅक्टरचं इंजिन



आजच्या नोंदीत पीक नाही. पऱ्हाटीची पहिली वेचणी झाली, तूर फुलावर आहे, त्यांचं पुढच्या वेळी. आज जुन्या पिकअपबद्दल लिहितो, कारण महिन्याभरात तिघांनी एकच प्रश्न विचारला: वीस वर्षांच्या गाडीत पैसा काहून घालता, विकून नवी काहून घेत नाही? प्रश्न चुकीचा नाही. नवी पिकअप नऊ-दहा लाखांच्या घरात जाते. माझं इंजिनाचं काम, पाटे, ब्रेक आणि हौदा मिळून लाखाच्या थोडं वर गेलं. पण नुसता हा हिशोब मांडून भागत नाही. लाखभर रुपये घालावे इतका जीव या गाडीत उरला आहे का, हे पाहायला ती कुठून आली हे माहीत पाहिजे. मला ते थोडं शोधावं लागलं, म्हणून इथं लिहून ठेवतो.

गाडी २००४ ची, महिंद्राची, डीआय इंजिनाची, एमएच-२९ पासिंग. मी तिसरा मालक. सकाळी फवारणीचे ड्रम आणि पाण्याचे कॅन घेऊन वावरात, दुपारी नेरला खत-बियाण्याला, हंगामात कापूस-सोयाबीन घेऊन मार्केटला, आणि घरात कोणी आजारी पडलं तर रात्री यवतमाळला. वर्षाचे तीनशे दिवस तरी ती चालते.

आधी एक काम करा. तुमच्याकडे महिंद्राची जुनी पिकअप, कमांडर, मार्शल किंवा पहिल्या काळातली बोलेरो असेल तर आरसी काढा आणि इंजिनाचा सीसी पाहा. २४९८ लिहिलं असेल तर ते फ्रेंच घराण्याचं, प्यूजोचं इंजिन. २५२३ लिहिलं असेल तर ते ट्रॅक्टरच्या घराण्याचं. दोन्हींत फरक फक्त २५ सीसीचा दिसतो, पण दोन्हींचं कूळ वेगळं, सुटे भाग वेगळे आणि स्वभावही वेगळा. जुनी गाडी घेताना पुष्कळ जण हे पाहतच नाहीत, टायर आणि रंग पाहतात.

२५२३ हा आकडा कुठून आला? या इंजिनाच्या सिलिंडरचा बोअर ८८.९ मिलिमीटर आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर आहे. आपल्या देशात मोजमाप मेट्रिक, मग ही अशी तुटक मापं कशाला? इंचात करून पाहा. ८८.९ म्हणजे बरोबर साडेतीन इंच, १०१.६ म्हणजे बरोबर चार इंच. चार सिलिंडरचं मिळून १५४ घन इंच. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या इंग्लंडमधल्या ट्रॅक्टरमध्ये अगदी याच मापाचं डिझेल इंजिन होतं आणि त्याचं नाव होतं बीडी-१५४. त्याचा थोरला भाऊ बीडी-१४४. त्याचा स्ट्रोक तोच चार इंचाचा, बोअर थोडा लहान. हा थोरला भाऊ बी-२७५ या ट्रॅक्टरमध्ये बसवलेला होता.

२७५ म्हटल्यावर गावातल्या प्रत्येकाचे कान उभे राहतील. महिंद्राच्या २७५ डीआय ट्रॅक्टरचा आकडा तिथूनच आलेला आहे. १९५८ च्या सुमारास इंग्लंडमधल्या डोंकास्टरच्या कारखान्यात बी-२७५ निघाला. १९६३ साली महिंद्रा, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी ऑफ इंडिया काढली आणि मुंबईत कांदिवलीला हाच ट्रॅक्टर बनू लागला. १९७७ मध्ये ती कंपनी महिंद्रात विलीन झाली. आजच्या २७५ ला तीन सिलिंडर आहेत आणि मूळच्या बी-२७५ ला चार होते, म्हणजे इंजिन बदललं पण आकडा राहिला. म्हाताऱ्या माणसांनी जुन्या लाल ट्रॅक्टरला 'इंटरनॅशनल' म्हणताना तुम्ही ऐकलं असेल, तोच हा.

आता हे ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये कसं शिरलं, ते पाहू. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या विलिस कंपनीनं सैन्यासाठी जीप बनवली, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण युद्ध संपताच तिनं पहिलं गिऱ्हाईक कोणाला मानलं? कास्तकाराला. १९४५ ची सीजे-२ए ही नागरी जीप शेतीचं यंत्र म्हणून विकली गेली. तिला मागून पीटीओ घेता यायचा, पट्ट्याची पुली लावता यायची, नांगर जोडता यायचा. जाहिराती शेतातल्याच असत. म्हणजे ट्रॅक्टर आणि गाडी एकातच द्यायची कल्पना तेव्हाही होती.

महिंद्रा कंपनी १९४५ साली पोलादाच्या धंद्यासाठी निघाली, तेव्हा नाव महिंद्रा अँड मोहम्मद. फाळणीनंतर भागीदार गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिकडचे पहिले अर्थमंत्री झाले, आणि १९४८ मध्ये नाव महिंद्रा अँड महिंद्रा झालं. चाळीसच्या दशकाच्या शेवटी मुंबईच्या माझगावात विलिसच्या जीप सुट्या भागांतून जोडायला सुरुवात झाली. पुढं पंचवीसेक वर्षं आपल्याकडची जीप पेट्रोलचीच होती. सरकारी साहेब, जंगल खातं, पोलीस, निवडणूक. कास्तकाराच्या दारात जीप आली की काही तरी वसुली आहे असंच समजायचं.

हे सगळं उलटलं ते १९७३ मध्ये. ऑक्टोबरमधल्या अरब-इस्रायल युद्धानंतर काही महिन्यांत कच्च्या तेलाचा भाव जवळजवळ चौपट झाला. पेट्रोलची जीप पोसणं अवघड झालं. महिंद्राच्या घरात मात्र ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन तयार होतंच. सत्तरच्या दशकाच्या मध्यावर ते एमडी २३५० या नावानं जीपमध्ये आणि छोट्या ट्रकमध्ये बसलं. २३५० म्हणजे सीसी, म्हणजे बीडी-१४४ चंच मेट्रिक नाव. कंपनीनं जे केलं ते आपण गॅरेजमध्ये करतो त्याहून वेगळं नव्हतं: दुसऱ्या यंत्राचं इंजिन काढलं, चेसीसवर बसवलं आणि गाडी चालती ठेवली. शहरातले लोक यालाच 'जुगाड' म्हणून हसतात. कंपनीनं ते कागदावर, चाचण्या करून केलं, हा फरक मोठा आहे, तो मी खाली घेणारच आहे.

ऐंशीच्या दशकात प्यूजोचं इंजिन आलं. इगतपुरीच्या कारखान्यात ते बनायला लागलं. हलकं, कमी आवाजाचं, रस्त्यावर वेग घेणारं. एमएम ५४० जीप त्याच्यावरच चालली. पण भार ओढायच्या गाड्यांसाठी ट्रॅक्टरचं घराणं कंपनीनं सोडलं नाही. त्याच साडेतीन बाय चारच्या मापावर डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन आलं. जुन्या बीडी इंजिनात डिझेल आधी बाजूच्या छोट्या खोलीत पेटायचं आणि मग सिलिंडरमध्ये यायचं. डीआयमध्ये ते थेट पिस्टनच्या डोक्यावर फवारलं जातं. उष्णता कमी वाया जाते, डिझेल कमी लागते, सकाळी थंडीत लवकर सुरू होते. बाकी कॅमशाफ्ट ब्लॉकमध्येच, वर पुशरॉड आणि रॉकर, सिलिंडरला दोन व्हॉल्व्ह, जड बिडाचा ब्लॉक. कमी फेऱ्यांवर जोर आणि जास्त फेऱ्यांवर नुसता आवाज. माझी पिकअप ऐंशीच्या पुढं पळवली तर ट्रॅक्टरवर बसल्यासारखंच वाटते, आणि इतिहास पाहता ते बरोबरच आहे.

नेरमध्ये या गाडीनं जागा कशी केली, तेही सांगतो. आपलं गाव यवतमाळ-अमरावती रस्त्यावर, रुळावर नाही. १९०३ मध्ये शकुंतला सुरू झाली ती यवतमाळहून दारव्हा, कारंजामार्गे मूर्तिजापूरला गेली, ११३ किलोमीटर, कापसासाठीच. नेर तिच्या वाटेवर आलं नाही. त्यामुळं आपल्या भागातला कापूस बंडीनंच निघायचा, जिनिंगला नाही तर स्टेशनाला. १९७२ मध्ये एकाधिकार कापूस खरेदी आली आणि केंद्राबाहेर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. दोन-दोन, तीन-तीन मुक्काम पडायचे. बैलांचा चारा बंडीतच न्यावा लागे, म्हणजे तेवढी जागा कापसाची गेली, आणि घरी वावरातलं बैलांचं काम पडून राही. माल विकायला लागणारा वेळ हा खर्च असतो, हे त्या रांगेनं आपल्या बापजाद्यांना शिकवलं.

मग मॅटाडोर आली. पुण्याच्या बजाज टेम्पोची, १९६९ पासूनची. आमच्याकडं अजूनही कोणतीही मधली मालगाडी असली तरी म्हातारे 'मेटाडोर' म्हणतात. १९८६ मध्ये टाटांची ४०७ आली, ती भाड्यानं सांगायची गाडी झाली. १९८८ मध्ये टाटांचीच २०६ पिकअप निघाली. पण कास्तकारानं स्वतःच्या मालकीची घ्यावी अशी गाडी आमच्या पट्ट्यात खऱ्या अर्थानं २००० नंतर आली, महिंद्राची पिकअप आणि २००५ चा टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती. त्याच सुमारास २००२ पासून बीटी कापूस आला, बैलजोड्या कमी झाल्या, सालदार मिळेनासे झाले. बैल गेला म्हणून पिकअप आली की पिकअप आली म्हणून बैल गेला, हे मला नीट सांगता येत नाही. दोन्ही थोडं थोडं खरं असावं. एवढं मात्र पाहिलं आहे की बंडी गेली तिथं शेणखतही आटलं, आणि पिकअपच्या हौद्यात युरियाच्या थैल्या वाढल्या.

आता दुरुस्ती. ही गाडी आपल्याकडं वीस-वीस वर्षं टिकते याचं कारण मला तिच्या ट्रॅक्टरी कुळातच दिसते. गावात ट्रॅक्टर आधी आला होता. त्याच्यामागं लेथवाला आला, नोझल तपासणारा आला, हेड घासणारा आला, आणि मायकोचा पंप खोलून बांधणारा माणूस तालुक्याच्या गावात तयार झाला. पिकअप आली तेव्हा तिच्यासाठी वेगळी विद्या शिकावी लागली नाही. ट्रॅक्टरचे सुटे भाग तिला जसेच्या तसे बसतात असं मात्र समजू नका, फसाल. बसतो तो हात आणि ती नजर. आमचे गॅरेजवाले चाचा इंजिन खोलायच्या आधी ऑइलच्या झाकणातून येणारा धूर पाहतात, डिपस्टिक बोटांत चोळतात, आणि मग बोलतात. माझ्या गाडीला पाहून म्हणाले, "भाऊ, हे इंजिन मरत नाही, याले मारा लागते. तुमच्या आधीच्या मालकानं एअर फिल्टर न बदलून मारलं."

खरंच तसं होतं. आपल्या काळ्या मातीची उन्हाळी धूळ पिठासारखी असते. फिल्टर फाटका असेल तर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि लाइनर घासते. खोलल्यावर वरच्या बाजूला लाइनरला नखाला लागेल एवढी पायरी पडलेली दिसली. लाइनर-पिस्टनचा सेट, रिंगा, मेन आणि बिगएंड बेरिंग, हेडला व्हॉल्व्ह ग्राइंडिंग, चारही नोझल नवे, पंप कॅलिब्रेशन. क्रँक लेथवाल्याकडं मोजून घेतला, तो चांगला निघाला. गाडी पाहायला गेलात तर आधी इंजिन गरम नाही ना, हे हात लावून बघा. विकणारा सकाळीच गरम करून ठेवतो. थंड इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेल्फला सुरू झालं आणि पांढरा धूर मिनिटभरात गेला तर दाब शाबूत आहे.

बदल मी तीन केले. पहिला हौद्याचा. युरिया हवेतलं पाणी ओढतो, सांडलेले दाणे पत्र्याच्या सांध्यात विरघळतात आणि पत्रा आतून खातात. माझ्या हौद्याचं तळ चाळणी झालं होतं. ते कापून चेकर प्लेट टाकली, सांध्यांना लाल ऑक्साइड, वर रबरी चटई, आणि पाणी निघायला कोपऱ्यात दोन भोकं. खत उतरवलं की त्याच दिवशी धुवायचं, हा नियम. कृषी सहायक मंडळी वाचत असतील तर त्यांना एक विनंती: खत साठवणुकीबद्दल सांगता तसं वाहतुकीबद्दलही सांगत जा. औषधाचे डबे आणि जनावरांची ढेप एकाच हौद्यात नेणारे अजून आहेत.

दुसरा बदल कापसासाठी. फाळक्याला आणि दोन्ही बाजूंना आतून ताडपत्री अडकवायचे हूक लावले, म्हणजे ग्रीस-ऑइलचा डाग आणि प्लास्टिकच्या सुतळीचे धागे कापसात जात नाहीत. यामुळं दुसरंही एक काम झालं. सीसीआय ८ टक्के ओलाव्याला पूर्ण भाव देते, त्यावर कपात होते आणि १२ टक्क्यांच्या वर माल घेत नाही. रात्रभर भरून उभी ठेवलेली गाडी दवानं ओली होते. वरून-खालून ताडपत्री बंद होत असेल तर वरचा थर वाचतो. पिकअपला चारा लागत नाही, म्हणून आपण तिला रांगेत बिनधास्त उभी ठेवतो, पण कापूस तिथं ओलावा पीत असतो.

तिसरा बदल पाट्यांचा, आणि तो खरं म्हणजे बदल रद्द करण्याचा. आधीच्या मालकानं मागं दोन पाटे जास्तीचे टाकले होते, जास्त माल भरता यावा म्हणून. पाटा वाढला म्हणजे गाडीची ताकद वाढली असं वाटते, पण ब्रेक, हब, बेरिंग आणि चेसीस तेच राहतात. रिकामी गाडी दगडासारखी उडते, मागचं चाक ब्रेकला घसरते, आणि चेसीसला पाट्याच्या हँगरजवळ तडा जातो. मी ते काढून कंपनीच्या मापाची कमान पुन्हा मारून घेतली, बुश आणि शॅकल नवे, मागच्या ब्रेकचे लायनर नवे. चाचांना ते पटलं नाही. "लोक वाढवतात, तुम्ही कमी करता" म्हणाले. पण गाडी आता सरळ थांबते.

आणि इथं कायद्याचं येते. कंपनीनं ट्रॅक्टरचं इंजिन जीपमध्ये बसवलं, तसं आपण बसवू शकतो का? आज नाही. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातलं कलम ५२ मूळ होतं तेव्हा आरटीओला कळवून, मंजुरी घेऊन गाडीत बदल करता येत असे. २००० साली ते कडक झालं: कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलात आणि आरसीत फरक पडेल असा बदल मालकानं करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं हेच पक्कं केलं. त्याच प्रकारचं, त्याच कंपनीचं इंजिन परवानगी घेऊन बदलता येते. म्हणून मी इंजिन बदलायच्या भानगडीत न पडता जुनंच बांधून घेतलं, चेसीस आणि इंजिनाचा नंबर आरसीशी जुळता राहिला. हौद्याची लांबी-उंचीही मूळचीच ठेवली. कापूस हलका असतो म्हणून वजनाच्या दंडाची भीती नाही असं समजू नका. सप्टेंबर २०१९ पासून माल हौद्याबाहेर लोंबत असेल तरी २०,००० रुपये दंड आहे, आणि जादा वजनाला २०,००० अधिक प्रत्येक जादा टनाला २,०००.

कायद्यामागचं कारण मला कळते. ब्रेक न तपासलेली, इंजिन बदललेली गाडी शाळेच्या पोरांच्या बाजूनं जाते, ती नको. पण नियम करणाऱ्यांनी जुन्या गाडीचे दोन प्रकार ओळखावेत असं वाटते: मोडकी आणि दुरुस्त केलेली. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांपुढच्या गाड्यांची फिटनेस फी कैक पटीनं वाढली, दोन्ही प्रकारांना सारखीच. आठ वर्षांपुढच्या मालगाडीला फिटनेस दरवर्षी करावंच लागते. त्या तपासणीत पास होणारी गाडी वयावरून महाग का करायची?

नवी घेणाऱ्याला मी नको म्हणत नाही. नव्या गाडीचा धूर कमी, ब्रेक चांगले, बसायला बरी. पण प्रदूषणाचे नियम जसे वाढले, २०१७ मध्ये बीएस-४, २०२० मध्ये बीएस-६, तसा यांत्रिक पंप गेला आणि कॉमन रेल, सेन्सर, ईसीयू आले. साडेतीन बाय चारचं तेच २५२३ सीसीचं मापही कॉमन रेलमध्ये आलं. त्या गाडीचा दोष बोटानं चोळून कळत नाही, स्कॅनर लावावा लागतो, आणि स्कॅनर लावणारा अजून यवतमाळ-अमरावतीलाच भेटतो. कापसाच्या दिवसांत गाडी चार दिवस तिकडं अडकली तर भाव हातचा जातो. तालुक्याला ही विद्या येईल, ट्रॅक्टरची आली तशी. आमच्या चाचांचा मुलगा आयटीआयला डिझेल मेकॅनिक करतो आहे, त्याला स्कॅनर घ्यायचा आहे, बाप म्हणतो आधी रॉकर सेट करायला शिक. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत.

माझ्या गाडीचं फिटनेस जानेवारीत आहे. तोवर पुढच्या चाकांचे बेरिंग पॅक करायचे, टायरॉड एंड एक ढिला आहे तो बदलायचा, मागचे रिफ्लेक्टर पट्टे नवे लावायचे आणि फाळक्याची डावी साखळी वेल्डिंग करायची. कोणाकडं २५२३ डीआयचा जुना पण तडा नसलेला एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पडला असेल तर कळवा, माझा झिरपायला लागला आहे.